बर्फाच्या आधीचा अर्धा तास

पहाटे ३.३०

रविवारच्या विक्रीची तयारी शुक्रवारी संध्याकाळी होते. त्या वेळी खाद्याची शेवटची पाटी तळ्यात जाते आणि मग रविवारी पहाटेपर्यंत माशांना उपास. भरल्या पोटाच्या माशाला पचनासाठी जादा ऑक्सिजन लागतो. जाळ्याच्या गर्दीत तो विष्ठा टाकतो, त्यानं पाणी खराब होतं. मेल्यावर पोटातले पाचक रस पोटाच्याच भिंती खायला लागतात आणि दुपारपर्यंत पोट फुटतं. दीड दिवसाच्या उपासानं मासा वाळत नाही, फक्त आतून रिकामा होतो.

आमची दोन शेततळी आळंद तालुक्यात, अमरजेच्या खोऱ्यात. इथून कलबुर्गी चाळीसेक किलोमीटर. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं पाट्या बदलल्या, पण आमच्या घरात अजून ‘गुलबर्ग्याला जाऊन येतो’ असंच म्हणतात. तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. वर्षभर वाढवलेला हा माल उन्हाळा तापायच्या आत काढायचा असतो, कारण एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा चाळिशीच्या वर जातो आणि तळ्याचं पाणी आटतं.

मी उठतो तो थेट तळ्यावर जातो. मार्चमध्ये पहाटेचं पाणी दिवसातलं सर्वांत गार असतं, म्हणून काढणी पहाटेच. पण याच वेळी पाण्यातला ऑक्सिजनही सर्वांत कमी असतो. दिवसा हिरवं शेवाळ ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो वापरत राहतात. उजाडायच्या आधी साठा तळाला गेलेला असतो. लिटरला पाच मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असला तर मासा निर्धास्त. तीनच्या खाली गेला की तो पाण्यावर येऊन तोंड वासतो. अशा धापा टाकणाऱ्या माशांत जाळं टाकलं, तर त्यांना दमवायचं काही काम उरत नाही, ते आधीच दमलेले असतात.

तपासणी पेटीतल्या बाटलीत पाणी घेऊन थेंब मोजतो. आज साडेचार. रात्रभर एरेटर, म्हणजे पाण्यात हवा घुसळणारं यंत्र, फिरवलं त्याची ही कमाई. शेतीची थ्री-फेज लाइन रात्री भरवशाची नाही, म्हणून काढणीच्या आदल्या रात्री जनरेटरचं डिझेल आधी आणून ठेवावं लागतं.

पहाटे ४.३०

जाळेकरी येतात. भीमाकाठची माणसं, गाणगापूरच्या पलीकडच्या गावातली. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जाळं टाकणारी. आपसात कन्नड, माझ्याशी मराठी, आणि शिव्या द्यायच्या झाल्या तर दखनी. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्याला सगळे मामा म्हणतात, मीही.

चहा होतो आणि पहिला वाद बर्फावरून. लाद्या काल रात्रीच कारखान्यातून आणून भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात. मी म्हणतो, “मामा, बर्फ आधी फोडू.”

“मासं दिसल्याबिगर बर्फ फोडायचा म्हंजे पाणीच करायचं की, अण्णा.”

“होऊ द्या थोडं पाणी. पाणीच पाहिजे आहे.”

त्यांचंही चूक नाही. नदीवर मासा मिळेल की नाही हेच ठाऊक नसतं, तिथं बर्फ आधी फोडणं म्हणजे पैसे वितळवणं. पण तळ्यात मासा कुठं जात नाही. तो आहे, किती आहे, साधारण केवढा आहे, हे सगळं माहीत असतं. नदीवरच्या मासेमारीत आणि मत्स्यपालनात मोठा फरक हाच. पाळलेल्या माशाची मरणाची वेळ आपण ठरवतो, मग त्याच्या मरणाची तयारीही आपल्याच माथ्यावर.

शेवटी बर्फ फुटतो. दोन भाग चुरा, एक भाग पाणी, असा रगडा दोन पिंपांत भरून झाकण लावतो. टेबल मांडलं जातं, टेबलावर ओलं गोणपाट, शेजारी सुरी आणि बाभळीचं आखूड दांडकं. हे सगळं जागेवर बसलं की मगच जाळ्याला हात.

पहाटे ५.१५

ओढजाळं दोन काठांवरून उतरतं. खाली शिशाच्या गोळ्या, वर बोया. पूर्ण तळं एका दमात ओढायचं नाही, असा आमचा ठराव आहे. जेवढे मासे टेबलावर अर्ध्या तासात निपटतील, तेवढंच पाणी घेरायचं. पूर्वी सगळे मासे एका कोपऱ्यात कोंडून ठेवत आणि मग निवांत काढत. शेवटचा मासा पाटीत पडेपर्यंत दोन-दोन तास जात.

त्या दोन तासांत माशाच्या अंगात काय होतं, ते समजून घ्यायला हवं. सगळी गोष्ट तिथंच आहे.

माशाचं मांस बहुतेक पांढऱ्या स्नायूंचं. हे स्नायू झेप घेण्यासाठी असतात, लांब पोहण्यासाठी नाहीत. रोजचं संथ पोहणं कडेच्या पातळ तांबड्या स्नायूंवर चालतं. जाळं अंगाला लागलं की अ‍ॅड्रेनालिन उसळतं, मागोमाग कॉर्टिसॉल चढतं, आणि पांढरे स्नायू पूर्ण जोरानं चालू होतात. एवढ्या जोराला पुरेल इतका ऑक्सिजन रक्तातून पोचत नाही. मग स्नायू साठवलेलं ग्लायकोजेन ऑक्सिजनविना जाळतात. त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होतं. काही मिनिटांच्या धडपडीत साठा संपत येतो, आम्ल साचतं, आणि पेशींचं रोजचं चलन म्हणजे एटीपी, तेही खाली येतं. शांत माशाच्या स्नायूचा सामू सातच्या थोडा वर असतो. धडपडून मेलेल्याचा मरतानाच त्याच्या खाली गेलेला असतो.

आणि हे भरून यायला फार वेळ लागतो. माणूस धावून आला तर थोड्या वेळात श्वास जागेवर येतो. दमलेल्या माशाला अंगातलं आम्ल उपसून पुन्हा साठा भरायला कित्येक तास लागतात, कधी अर्धा दिवस. म्हणजे जाळ्यात झुंजवलेला मासा पाच मिनिटं पाण्यात ठेवून ‘आता शांत झाला’ म्हणण्यात अर्थ नाही. तो शांत झालेला नसतो, त्याची ताकद संपलेली असते.

जाळं घेरतं तसे रोहू उड्या मारायला लागतात. एक जाळ्यावरून पार. मृगळ शिशाच्या खालून गाळात शिरतात. कटला मात्र जड अंगानं जाळ्यापुढं सरकत राहतो. “निधान, निधान,” म्हणजे सावकाश, असं मामा पलीकडच्या काठाला कन्नडमध्ये सांगतात. दोर सैल होतो. गडबड केली तर गाळ उठतो, गाळ कल्ल्यांत बसतो, आणि आधीच कमी असलेला ऑक्सिजन आणखी आटतो.

सकाळी ६.००

घेरलेले मासे हाप्यात आहेत. हापा म्हणजे पाण्यातच बांधलेली जाळीची खोली. तिच्या शेजारी एरेटरची पाती फिरती ठेवलीत. तिथून हातजाळीनं चार-पाच मासे उचलायचे, टेबलावर आणायचे.

काम तीन हातांचं. पहिला मासा ओल्या गोणपाटात धरतो आणि डोळ्यांवर हात ठेवतो. डोळे झाकले की मासा बराच थंडावतो. दुसरा दांडक्याचा एक घाव घालतो, डोळ्यांच्या थोडं मागं, कवटीच्या वर. तिसरा लगेच कल्ल्याखालची रक्तवाहिनी कापून मासा गार पाण्याच्या घमेल्यात सोडतो. दहा-पंधरा मिनिटांत रक्त जातं, मग रगड्यात.

घाव लागला की नाही हे बघायची खूण आहे. मासा कुशीवर वळवला तरी शुद्धीतल्या माशाचा डोळा जागेवर राहू पाहतो, अंगाच्या उलट फिरतो. डोळा अंगाबरोबरच फिरला आणि कल्ल्यांची झाकणं उघडझाप करायची थांबली, की भान गेलं. नाही थांबली तर दुसरा घाव ताबडतोब.

टेबलावरच्या पोरांना सुरुवातीला हे पटत नव्हतं. काठावर टाकला तरी मासा मरतोच, मग एकेकाला मारत कशाला बसायचं? पण काठावरचा मासा मरतो कसा, ते उभं राहून बघितलं पाहिजे. पाण्याबाहेर कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या एकमेकींना चिकटतात, हवा असूनही ऑक्सिजन घेता येत नाही. रोहू बराच वेळ आपटत राहतो. प्रत्येक आपटीला मांसातलं थोडं ग्लायकोजेन जळतं. वर अंगाला मुका मार बसतो, आणि तो पुढं कापताना तांबड्या डागांच्या रूपानं दिसतो.

जिवंत मासा सरळ बर्फात टाकणं ही दुसरी सोपी वाट. त्यात तो लवकर हलायचा थांबतो, हे खरं. पण हलणं थांबतं ते गारठ्यानं. भान जायला त्याहून जास्त वेळ लागतो. आम्ही लहान मासे अजून रगड्यातच टाकतो, कारण अर्ध्या-पाऊण किलोचा एकेक मासा टेबलावर घ्यायला माणसं पुरत नाहीत. किलोच्या वरचा मात्र एकही दांडक्याविना बर्फात जात नाही.

जपानमध्ये ‘इकेजिमे’ नावाची जुनी पद्धत आहे. मेंदूत सळई, मग रक्तस्राव, आणि पुढं मणक्याच्या पोकळीतून तार घालून मज्जारज्जू निकामी करायचा, म्हणजे मेल्यावरही स्नायूंना हलायचे हुकूम जात नाहीत. कच्चा मासा खाणाऱ्यांनी चवीपायी ही कारागिरी जपली. नॉर्वेत सालमन मासा पूर्वी कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या पाण्यात सोडून गुंगवत. त्यात तो काही मिनिटं जीव तोडून धडपडायचा. त्या पद्धतीवर तिथं बंदी आली, आणि आता विजेचा झटका किंवा यंत्राचा घाव देतात. आपल्याकडच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या आहे. मासाही त्यात आला. खाण्यासाठी मारायला कायदा अडवत नाही, विनाकारण हाल करायला अडवतो. तळ्यावर तो कुणी वाचलेला नसतो, पण दांडक्याचं काम त्याला धरूनच आहे.

सकाळी ७.००

आता पेट्या भरायच्या. थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फ, मग माशांचा थर, मग बर्फ. मासा पाठीवर किंवा पोटावर, दाबून नाही. वितळलेलं पाणी जायला खाली भोक.

बर्फ किती, यावर सगळ्यांचं वेगळं मत असतं, म्हणून हिशोबच करून ठेवलाय. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता ओढतो. एक किलो मासा एक अंशानं गार करायला सुमारे ०.८ किलोकॅलरी लागते. आजचं पाणी २६ अंश. शंभर किलो मासा शून्यावर आणायला २०८० किलोकॅलरी, म्हणजे २६ किलो बर्फ. कागदावर एवढ्यात भागतं. पण पेटी तापते, रस्ता तापतो, झाकण दहा वेळा उघडतं. म्हणून उन्हाळ्यात बरोबरीचा बर्फ, किलोला किलो.

या हिशोबात एक आकडा कुणी धरत नाही. बर्फ जंतूंना आवरतो, सडण्याची गती मंदावतो. पण मरायच्या आधी जळून गेलेलं ग्लायकोजेन तो परत आणत नाही. जो मासा दमून बर्फात गेला, तो दमलेलाच गार होतो.

सकाळी ७.४५

छोटा हत्ती टेम्पो निघतो. तुरीची रानं मोकळी झालीत, ज्वारीच्या कडब्याच्या गंजी रस्त्याकडेला लागल्यात. मी पेट्यांवर ओलं गोणपाट ताणून मागंच बसतो, खड्डे चुकवायला ड्रायव्हरला ओरडायला.

शहराजवळ एक टाकीवाली गाडी दिसते, मरळ घेऊन चाललेली. मरळ जिवंतच विकला जातो आणि त्याला ते झेपतंही. डोक्यातल्या खास पोकळीतून तो थेट हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून थोड्या पाण्यात कित्येक तास तग धरतो. तेलंगणानं त्याला राज्याचा मासा मानलंय. हैदराबाद रस्त्याला त्याचा भाव आमच्या कटल्याच्या कितीतरी पट. पण मरळच्या जिवंत विक्रीवरून गिऱ्हाइकानं सगळ्याच माशांसाठी नियम काढलाय की जिवंत तेच ताजं. रोहू-कटल्याला तो नियम लागू होत नाही. त्यांच्याकडं हवेतून श्वास घ्यायची सोय नाही.

सकाळी ९.००

बाजारातल्या आमच्या गाळ्यावर माझ्या वहिनी आधीच आल्यात. फरशी धुतलेली, काटा लावलेला. दोन गाळे पलीकडं आंध्रच्या कोल्लेरू भागातला माल उतरतोय, बर्फात दाबलेला, रात्रभर ट्रकनं आलेला. देशभरातल्या बाजारांना मासे पुरवणारा तो पट्टा आहे. भावात आम्ही त्यांच्याशी टक्कर देऊ शकत नाही. आमचं बळ एकच, मासा आज सकाळचा आहे.

पण आजच्या सकाळचा हे सिद्ध करायला गिऱ्हाईक वेगळाच पुरावा मागतं. समोरच्या गाळ्यावर प्लॅस्टिकच्या टबात चार रोहू ठेवलेत. निम्मे कुशीवर पडलेले, तोंड पाण्याबाहेर काढून धापा टाकणारे. एकाला बोट लावलं की शेपूट आपटतो आणि गिऱ्हाईक खूश होतं.

“ये जिंदा है क्या?” एक बाई आमच्या मालाकडं बोट दाखवून विचारतात.

“जिंदा नहीं अम्मा, सुबह का है. कल्ला देखो, लाल है,” वहिनी कल्ला उचलून दाखवतात. आमच्या माशाचा कल्ला रक्त काढल्यामुळं थोडा फिका असतो, पण वास स्वच्छ. म्हणून वहिनी लगेच पुढं म्हणतात, “नाक लगाके देखो.”

बाई वाकून बघतात, मग टबाकडं बघतात आणि टबातलाच घेऊन जातात.

हे रोज होतं. टबातला तो रोहू पहाटेपासून जगण्यासाठी झगडतोय. ऑक्सिजन संपलेल्या कोमट पाण्यात, शेजाऱ्याच्या विष्ठेत, माणसांच्या बोटांत. तो जिवंत आहे, पण त्याच्या मांसातलं जे चवीचं आणि टिकण्याचं भांडवल होतं, ते त्यानं श्वासावर खर्चून टाकलंय. बर्फातला आमचा मासा तीन तासांपूर्वी मेलाय, पण भांडवल अंगात ठेवून. मांसाच्या दृष्टीनं ताजा कोण, हे शेपूट आपटण्यावरून कळत नाही.

सकाळी ११.००

गिऱ्हाईक ओसरलं की मी एक तपासणी करतो. पहाटे हापा उचलताना दोन कटले निसटून काठावर पडले होते आणि गडबडीत बराच वेळ तसेच राहिले. ते वेगळी दोरी बांधून पेटीत ठेवलेत. आता दांडक्याचा एक आणि दोरीचा एक, दोन्ही मधोमध धरून टेबलाच्या कडेवर ठेवतो. दांडक्याचा शेपटीकडं मऊ वाकतो. दोरीचा फळीसारखा सरळ राहतो.

मेलेला मासा ताठरतो, कारण स्नायूंचे धागे एकमेकांत अडकतात आणि त्यांना सोडवायला लागणारं एटीपी संपलेलं असतं. दमून मेलेल्याचं एटीपी आधीच संपत आलेलं, म्हणून तो लवकर आणि जोरात ताठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या (एफएओ) १९९५ च्या ताज्या माशांवरच्या अहवालात हे आकडे आहेत. शून्य अंशावर ठेवलेला दमलेला कॉड मासा दोन ते आठ तासांत ताठरायला लागतो, न दमलेला चौदा-पंधरा तासांनी. कॉमन कार्पच्या बाबतीतही दमलेला लवकर ताठरतो, न दमलेला कित्येक तासांनी.

ताठरलेला मासा शिळा नसतो, उलट ताठरपणा हे ताजेपणाचंच लक्षण. पण तो किती लवकर आला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ताठरपणा लवकर आला की लवकर जातो, आणि तो गेल्यावरच जंतूंना खरं रान मोकळं मिळतं. जोरात ताठरताना मांसाच्या पाकळ्यांना जोडणारे नाजूक पडदे ताणले जातात, आम्लामुळं ते आधीच कमजोर झालेले असतात. मग कापताना पाकळ्या सुटतात, तुकड्यात भेगा पडतात, पाणी गळतं. वहिनींची तक्रार ऐकायची असेल तर हीच. “दोरीवाल्याचे तुकडे नीट पडत नाहीत,” त्या म्हणतात. त्यांनी एफएओचा अहवाल वाचलेला नाही, सुरी मात्र रोज चालवलीय.

ही गोष्ट बकऱ्याच्या मटणातही आहे, आणि आमच्याकडच्या मुलाण्याला ती कधीपासून ठाऊक आहे. लांबून चालत आणलेलं जनावर तो लगेच कापत नाही. पाणी पाजतो, सावलीत बांधतो. थकलेल्या जनावराचं मटण काळपट, चिकट होतं आणि टिकत नाही. बकऱ्याला दिलेली सावली माशाला द्यायला कुणाचं मन होत नाही, एवढंच.

दुपारी १.३०

घरी जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि कटल्याचं चिंच घातलेलं कालवण. न विकलेला दोरीचा कटला घरात आला, कारण तो कापून गिऱ्हाइकाला देण्याजोगा नव्हता. रश्शाची चव आईच्या हाताची, पण तुकडे पळीला लागताच सुटतात. आई म्हणते, “आज मासा भुगा झालाय.”

चवीचंही एक गणित आहे. मेल्यावर एटीपीची फोड होत जाते. पायरी-पायरीनं त्यातून आयएमपी नावाचा पदार्थ बनतो. ताज्या माशाची गोडसर, भरलेली चव बरीचशी त्याची. पुढं आयएमपी फुटून इनोसिन होतं, मग हायपोझँथिन, आणि ते कडवट. जपानी शास्त्रज्ञांनी या फोडीवरून ताजेपणाचा ‘के’ आकडा बांधला. एकूणात शेवटच्या दोन पदार्थांचा वाटा किती टक्के, ते मोजायचं. वीस टक्क्यांच्या आत असेल तर मासा कच्चा खाण्याजोगा. जाळ्यात झुंजलेला मासा ही उतरण मरायच्या आधीच धरतो. घड्याळ त्याच्यासाठी लवकर सुरू होतं.

एक जण हमखास विचारतो, आपल्या तिखटात हे कळतं कुठं? कालवणात चव झाकते, मान्य. तुकडा फुटलेला झाकत नाही, आणि सोमवारी उघडलेल्या पेटीचा वास तर मुळीच नाही.

दुपारी ४.००

हिशोब. दांडक्याच्या माशाला किलोमागं एक रुपयाही जास्त मिळत नाही. बाजाराच्या पट्टीवर कटला म्हणजे कटला. जादा माणूस, जादा बर्फ, रात्रभर चाललेलं डिझेल, हा सगळा खर्च आमच्या अंगावर.

फायदा दुसऱ्या दिवशी दिसतो. रविवारी उरलेला माल सोमवारी विकायचा असतो, आणि सोमवार आमच्याकडं पडता दिवस. कित्येक घरांत सोमवारी मांसाहार नाही, गुरुवारी दत्ताच्या भक्तांचा नाही, शनिवारी मारुतीचा नाही. गाणगापूर इतक्या जवळ असताना गुरुवारी गाळा उघडण्यात हशीलच नाही. म्हणजे उरलेला मासा कधी मंगळवारपर्यंत धरावा लागतो. पूर्वी सोमवारी दुपारी पोटाशी मऊ पडलेला माल मातीमोल भावात जायचा. आता मंगळवारी सकाळीही तुकडा घट्ट असतो. आमची कमाई वाढली ती भावामुळं नाही, फेकायचं कमी झालं म्हणून.

दोन खानावळी आता आमच्याकडूनच घेतात. त्यांच्या आचाऱ्यानं कारण एका वाक्यात सांगितलं, “तुमचा तुकडा तळताना फुटत नाही.”

संध्याकाळी ६.३०

पुन्हा तळ्यावर. जाळ्यातून सुटलेले मासे आज दिवसभर बिथरलेले, खाद्याला वर आलेले नाहीत. आज नेहमीच्या निम्मंच टाकतो, न खाल्लेलं खाद्य कुजून उद्या ऑक्सिजन खाईल. क्रेट आणि पेट्या ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊन उलट्या घालतो. दांडकं धुतो. जाळं वाळत घातलंय, मामांनी जाताना त्यातल्या दोन फाटक्या जागा दाखवून ठेवल्यात. एरेटरची वेळ लावतो.

शेजारच्या गावातला एक पोरगा आलाय. कृषी भाग्य योजनेत त्याच्या वडिलांनी शेततळं घेतलं, आता त्यात मासे आहेत आणि पुढच्या रविवारी पहिली काढणी. त्याला यादी हवीय. मी सांगतो ते असं.

दीड दिवस आधी खाद्य बंद कर. आदल्या रात्री एरेटर चालू ठेव, नसेल तर पंपाचं पाणी उंचावरून तळ्यात पाड. उजाडायच्या आत सुरू कर आणि ऊन चढायच्या आत संपव. अर्ध्या तासात निपटेल तेवढंच घेर. मासा काठावर टाकू नकोस, पाण्यातून थेट टेबलावर आण. मोठ्याला डोक्यावर एक नीट घाव, लगेच कल्ला काप, मग बर्फ. हे सगळं एकदम जमणार नसेल तर पहिल्या वर्षी उपास आणि छोटे घेर, एवढं तरी कर. त्यांना पैसा लागत नाही.

तो विचारतो, “काका, सगळ्यांत महत्त्वाचं काय?”

शेततळ्यात मासे सोडणाऱ्या प्रत्येकाला माझं उत्तर एकच आहे. माशाची चव बाजारात ठरत नाही, बर्फातही ठरत नाही. ती जाळं अंगाला लागल्यापासून भान जाईपर्यंतच्या वेळात ठरते, आणि ती वेळ पूर्ण आपल्या हातात असते. म्हणून फोडलेला बर्फ तळ्याच्या काठावर तयार असल्याशिवाय जाळं पाण्यात टाकू नका.